मुरलेली माणसं

पुष्कर शिरसाठची नोकरी गेली, ती त्याच्या हातून काही चूक झाली म्हणून नव्हे. त्याच्या डोळ्यांची गरज संपली, एवढंच. नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात तो चौदा वर्षं विजेच्या स्विचचे सुटे भाग तपासत होता. पितळी पट्टीवरची केसाएवढी चीर त्याला नुसत्या नजरेनं दिसायची, आणि त्याचा त्याला अभिमान होता. २०४३ च्या फेब्रुवारीत तिथे नवे कॅमेरे बसले. त्यांना केसाच्या विसाव्या भागाएवढी चीर दिसायची आणि त्यांना जेवणाची सुट्टी लागत नव्हती. मार्चअखेर पुष्कर एक ठोक रक्कम, एक शाल आणि एक नारळ घेऊन घरी आला.

त्याची बायको ऋजुता मुलांना बोलायला शिकवायची. उशिरा बोलणारी, अडखळणारी, अजिबात न बोलणारी मुलं गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात तिच्याकडे यायची. आठवड्यातले तीन दिवस काम आणि त्या मानानं पैसे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाल्यावर दोघांनी एका संस्थेत दत्तक मुलीसाठी नाव नोंदवलं होतं. यादीत त्यांचा नंबर आता पहिल्या दहांत आला होता आणि नेमकी अशा वेळी पुष्करची नोकरी गेली.

संस्थेच्या समाजसेविका कांबळे मॅडम यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "पगार थांबला म्हणून फाइल बंद होत नाही, ऋजुताताई. पण दरमहा ठरावीक उत्पन्न दिसलं पाहिजे. ते कुठूनही येऊ दे. समिती वर्षभर थांबेल, त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

"ठोक रक्कम आहे ना, ती गुंतवू," पुष्कर म्हणाला. "लोक घरबसल्या त्यावर जगतात. आपल्याला काय, एक चांगलं ॲप निवडायचं."

पण ॲप निवडणं आता तितकं सोपं राहिलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या पडझडीत लाखो नवखे लोक धुऊन निघाले होते. ज्यांना शेअर म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, त्यांनी सायंकाळी भाजी निवडता निवडता घरं गहाण टाकली होती. त्यानंतर कायदा झाला. गाडी चालवायला जसा परवाना, तसा पैसे गुंतवायलाही. प्रत्येक ॲपला एक पायरी ठरवून दिली, पहिली ते पाचवी. तुमचा अनुभव ज्या पायरीचा, तेवढंच ॲप तुमच्या फोनवर उघडणार.

मग अनुभव मोजायचा कसा? सुरुवातीला लोकांना प्रश्नावली दिली गेली. 'तुम्हाला गुंतवणुकीचा किती अनुभव आहे?' सगळ्यांनी 'भरपूर' वर खूण केली. तेव्हा सरकारनं माणसाला विचारणं सोडलं आणि त्याच्या शरीराला विचारायला सुरुवात केली. बोटाला एक पट्टी लावायची, फोनच्या कॅमेऱ्यात बघायचं, आणि समोर तुमच्याच पैशांचा आलेख कोसळताना दाखवला जायचा. नवख्या माणसाची नाडी उसळते आणि दोन-तीन मिनिटं वरच राहते. आयुष्यभराचा पश्चात्ताप तो त्याच दोन-तीन मिनिटांत करून ठेवतो. ज्यानं चारदा पोळून घेतलंय, त्याला पडझडीचा वास आधीच लागतो. त्याच्या तळहाताला घाम येतो तो आलेख कलायच्या आत, आणि नऊ-दहा सेकंदांत नाडी पुन्हा जागेवर. हे नाटक करून जमत नाही. लोणचं मुरलेलं आहे की नाही, ते बरणीवरच्या चिठ्ठीवरून थोडंच कळतं! लोक पाचव्या पायरीवाल्यांना 'मुरलेले' म्हणू लागले, ते त्यामुळेच.

पुष्करनं दिवाणखान्यात बसून चाचणी दिली. आलेख कोसळला तसा तो "अरे अरे अरे!" करत सोफ्यावरून अर्धा उठला. निकाल आला, पहिली पायरी. ताबडतोब फोनवर एक ॲप उघडलं. त्यात एक हिरवा पोपट पंख फडफडवत म्हणाला, "शाब्बास, पुष्कर! आज तुम्ही बचतीचा श्रीगणेशा केलात!"

ऋजुताला हसू आवरेना. "अरे, हा तर माझ्या दवाखान्यातल्या खेळण्यांसारखा बोलतोय."

पोपटाकडे एकच योजना होती. तिचं व्याज महागाईपेक्षा कमी होतं. त्या उत्पन्नावर घराची देखभाल-वर्गणीसुद्धा भागली नसती. महिन्याला धड रक्कम हातात देणारे रोखे फक्त पाचव्या पायरीच्या ॲपवर होते. आणि पहिलीवरून पाचवीवर पोहोचायला माणसाला सरासरी एकोणीस वर्षं लागतात, असं पोपटानंच मोठ्या उत्साहानं सांगितलं.

पुष्कर एक्केचाळीस वर्षांचा होता, ऋजुता अडतीसची.

*

कॉलेज रोडवरचं अनुभवसिद्धी केंद्र सहा महिन्यांपूर्वी उघडलं होतं. लोक त्याला नुसतं 'मुरवणी' म्हणत. तिथल्या डॉ. वसुधा हर्षे मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या, कुठलाही प्रश्न न टाळणाऱ्या बाई होत्या.

"आठवण म्हणजे दगडावरची रेघ नाही," त्या म्हणाल्या. "ती गुळासारखी असते. आठवली की थोडा वेळ पातळ होते, मग पुन्हा घट्ट बसते. त्या पातळ वेळात तिच्यात जे मिसळेल, ते तिच्यासकट घट्ट होतं. एरवी हा वेळ थोडा असतो. आमची गोळी तो सहा तासांपर्यंत लांबवते. तेवढ्यात चष्म्यातून आम्ही तुम्हाला बाजारातली वर्षं देतो. एका सत्रात सहा, पाच सत्रांत तीस."

"देता म्हणजे दाखवता ना?" ऋजुतानं विचारलं.

"तुम्हाला दाखवतो. पण मेंदूत आत बदामाएवढा एक भाग असतो, भीतीची नोंद तिथे होते. त्याला दाखवलेलं आणि घडलेलं यातला फरक कळत नाही. आमचं सगळं काम त्याच्याशीच आहे."

"धोका?"

"काही दिवस थकवा येतो. माणसं शांत होतात. बहुतेकांच्या घरच्यांना ते आवडतं."

संमतिपत्र सतरा पानांचं होतं. त्यात एक रकाना होता, 'गुंतवणुकीचं उद्दिष्ट'. पुष्करनं पेन उचललं, ऋजुताकडे बघून हसला आणि लिहिलं, 'मुलगी'.

सत्रं पाच आठवड्यांत उरकली. प्रत्येक सोमवारी सकाळी तो रिक्षानं जायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. पहिल्या सोमवारी जेवताना तो दोनदा तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती बऱ्याच दिवसांनी भेटली होती. तिसऱ्या सोमवारनंतर त्यानं मीठ कमी-जास्त झाल्याबद्दल बोलणं सोडलं. पाचव्यानंतर त्यानं बोटाला पट्टी लावली, आलेख कोसळताना पाहिला आणि पट्टी काढून ठेवली. आठ सेकंद. पाचवी पायरी.

पोपट गेला. नव्या ॲपचा पडदा राखाडी होता. त्यावर चित्र नाही, रंग नाही, शाब्बासकी नाही; नुसते आकडे आणि तळाशी एक बारीक चौकोन, 'खरेदी'.

"आता?" ऋजुतानं उत्साहानं विचारलं.

"बघू," पुष्कर म्हणाला.

*

बघू, बघू करत जून गेला, जुलै गेला. पुष्कर रोज सकाळी दहाला त्या राखाडी पडद्यासमोर बसायचा. एखादा रोखा उघडायचा, त्याची सगळी माहिती वाचायचा आणि बंद करायचा. तिनं विचारलं तर शांतपणे समजावून सांगायचा की हा तीन वर्षांनी कुठे अडकेल, तो पाच वर्षांनी कसा बुडेल. त्याचं म्हणणं चुकीचं नसायचं. बुडू शकत नाही अशी गोष्ट जगात नसतेच, तेव्हा ते चुकीचं असणार कसं? रक्कम होती तिथेच पडून राहिली.

बाजारापुरतंच असतं तर ऋजुतानं सोसलं असतं. पण त्यानं स्कूटर विकली. पावसात रस्ते निसरडे असतात, म्हणाला. तिच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळे पेढे खात होते, तर यानं हळूच विचारलं, "मुलाकडच्यांची नीट चौकशी केलीय ना?" पुढच्या वर्षी कुर्गला जायचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं होतं, त्याचं नाव काढलं की तो नुसता मान हलवायचा. रागावत नव्हता, कुढत नव्हता. घरात एक सभ्य, थकलेला, साठीतला माणूस वावरतोय असं तिला वाटायचं. एकदा दवाखान्यातून आल्यावर तिनं त्याला मागून मिठी मारली. त्यानं तिच्या हातांवर हात ठेवला, थोपटला आणि म्हणाला, "असू दे. होतं असं."

"काय होतं?" ती म्हणाली. "काही झालेलंच नाहीये, पुष्कर!"

ऑगस्टमध्ये एका रविवारी ती मोबाइलवर लहान मुलांचे पलंग बघत होती. कडेला निळी रेघ असलेला एक लाकडी पलंग तिला आवडला. तिनं फोन त्याच्यापुढे धरला.

"कठडा बुटका आहे," तो म्हणाला. "सई पडली होती अशाच पलंगावरून."

"कोण सई?"

पुष्कर उठून खिडकीपाशी गेला, परत आला, बसला. मग एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा बोलू लागला.

आकडे बुडताना बघून शरीर घाबरत नाही, म्हणून केंद्रातलं यंत्र ज्यासाठी पैसे लावलेत तेच बुडवून दाखवायचं. कुणाला घर, कुणाला आईचं ऑपरेशन. पुष्करनं उद्दिष्ट लिहिलं होतं मुलगी. तेव्हा पहिल्याच सत्रात त्याला मुलगी मिळाली. आठ महिन्यांची आली, चालायला लागली, त्याला 'पुपू' म्हणायला लागली. सहा वर्षं. मग बाजार पडला, त्यात शाळेची फी गेली, घर गेलं, आणि एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा ताप उतरलाच नाही. दुसऱ्या सत्रात ती पुन्हा आठ महिन्यांची होऊन आली.

"पाच वेळा," पुष्कर म्हणाला. "तिसऱ्यांदा मला माहीत होतं काय होणार ते. तरी मी तिला सायकल शिकवली. चौथ्यांदा नाही शिकवली. पाचव्यांदा तर तिला जवळ घ्यायचंच टाळलं मी, ऋजुता. ती दारात उभी राहून हाका मारायची."

"ती नव्हती, पुष्कर. ते चष्म्यातलं चित्र होतं."

"मला माहितीय ते." तो अगदी समजूतदारपणे म्हणाला. "हे मला सांगायची गरज नाही. मला पक्कं माहितीय."

*

"पुसून टाका," दुसऱ्या दिवशी ऋजुता डॉ. हर्ष्यांना म्हणाली. "घातलंत तसं काढून टाका."

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. "नाही काढता येत. दुधात साखर विरघळली की वेगळी करता येते का? पुसायला गेलो तर मुलीबरोबर बापच पुसला जाईल. प्रयत्न झालेत. निकाल चांगले नाहीत."

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"अकराव्या पानावर आहे. मला ठाऊक आहे, अकरावं पान कुणी वाचत नाही." त्यांनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. "एक सांगू? आमच्याकडे जोडप्यांसाठीही सोय आहे. दोघांनी घेतलं की घरातलं अंतर कमी होतं. आमचा तसा अभ्यास आहे. आग्रह नाही माझा."

ऋजुता रागानं उठून आली. पण घरी येईपर्यंत डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता. पुष्कर खरेदीचं बटण कधीच दाबणार नव्हता. दुसऱ्याच्या बोटानं ॲप चालत नव्हतं. पट्टीवर नाडी ज्याची, खातं त्याचं. रक्कम तिच्या नावावर करता आली असती, पण तीही पहिल्याच पायरीवर होती. मार्चअखेर समितीची मुदत संपणार होती. तिनं पाचवी पायरी मिळवली तर उत्पन्न सुरू होईल, फाइल जिवंत राहील, मूल घरी येईल. आणि एकदा खरं मूल घरात रांगायला लागलं, की पुष्करची ती चित्रातली सई किती दिवस टिकेल? शिवाय ती मुलांमध्ये वावरणारी बाई होती. खऱ्या मुलाच्या अंगाचा वास तिला माहीत होता. आपल्याला चित्र चित्रच वाटेल, असा तिला विश्वास होता.

सिन्नरला तिचे वडील राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, अजून स्वतःचा चहा स्वतः करणारे. तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते गॅससमोर उभे राहून ऐकत होते. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाजारात माझंही बुडालंय, बाळ. तू तीन वर्षांची होतीस. घरासाठी साठवलेलं सगळं गेलं. तुझ्या आईला सांगायची हिंमत होईना, मी आठ दिवस डेपोतच जेवलो."

"मग सावरलात कसे?"

"सावरलो कुठे? वेळच मिळाला नाही. तुला गोवर आला. मग तुझ्या मामाचं लग्न निघालं. मग आपल्या शेजारच्या पवारांची गाय व्यायली, तर तू त्या वासराच्या मागे, आणि मी तुझ्या मागे. दोन वर्षांनी कधीतरी लक्षात आलं की अरे, आता दुखत नाही." त्यांनी कपात चहा ओतला. "त्या यंत्रात बुडणं आहे, मान्य. पण मधले दिवस कुठे आहेत, ऋजू? नुसतं मीठ खाऊन लोणचं मुरतं का?"

"अण्णा, माझ्यापुढे दुसरा रस्ता आहे का?"

अण्णांनी कप तिच्यापुढे ठेवला. मग फडक्यानं उतू गेलेला चहा पुसला. "जाशील तेव्हा मला सोबत ने," ते म्हणाले.

*

सप्टेंबरमधल्या पाच सोमवारी अण्णा सिन्नरहून बसनं येत आणि केंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसून राहत. संमतिपत्रातल्या उद्दिष्टाच्या रकान्यात ऋजुतानं सावधपणे 'दरमहा उत्पन्न' असं लिहिलं होतं. पण यंत्र रकान्यावर अवलंबून नव्हतं. कुठल्या चित्राला नाडी कशी उत्तर देते हे बघत बघत ते पुढे जायचं. घर दाखवलं, नाडी शांत. दागिने दाखवले, शांत. मग पांढऱ्या झबल्यातलं एक मूल दाखवलं, आणि यंत्राला रस्ता सापडला.

तिच्या मुलीचं नाव जुई होतं. ती बोलत नव्हती. चार वर्षांची झाली तरी एक शब्द नाही. ऋजुतानं आपली सगळी विद्या पणाला लावली. आरशासमोर बसवून, ओठांवर मध लावून, फुंकर मारून, गाऊन. सहाव्या वर्षी जुईला आवाज फुटला आणि त्याच महिन्यात बाजार पडला. उपचार थांबले. फुटलेला आवाज हळूहळू विझत गेला. ऋजुता ते ऐकत होती, कारण ऐकणं हाच तिचा धंदा होता. शेवटी जुई नुसते ओठ हलवायची.

हे चित्र आहे, हे पहिल्या सत्रात तिला सतत आठवत होतं. दुसऱ्या सत्रात अधूनमधून. तिसऱ्यात तिनं ते आठवायचा प्रयत्न सोडून दिला, कारण आठवलं की जुईकडचं लक्ष ढळायचं, आणि जुईपाशी फार थोडे दिवस होते.

पाचव्या सोमवारी ती बाहेर आली तेव्हा अण्णा बाकावरून घाईनं उठले. "ऋजू, ठीक आहेस ना?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. किती म्हातारे झालेत हे, तिला वाटलं. हे जातील. पुढच्या दोन-चार वर्षांत कधीतरी. त्या विचारानं तिला दुःख झालं आणि ते लगेच ओसरलंही.

"ठीक आहे, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही उगीच एवढ्या लांब आलात."

अण्णा बसस्टँडपर्यंत तिच्याशेजारी चालले.

ऋजुताला पाचवी पायरी मिळाली, आणि पुष्करला जे जमलं नव्हतं ते तिला सहज जमलं. रक्कम तिच्या नावावर केली, तीन रोखे निवडले, बटण दाबलं. तिला त्या पैशांकडून आता काहीच नको होतं, आणि ज्याला काही नको असतं तो चांगला गुंतवणूकदार होतो, हे केंद्राच्या माहितीपत्रकातही छापलेलं होतं. ऑक्टोबरपासून दरमहा पैसे येऊ लागले. डिसेंबरात उत्पन्नाचा दाखला मिळाला. कांबळे मॅडमनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. फाइल पूर्ण झाली होती.

घरात अंतर उरलं नव्हतं, डॉ. हर्षे म्हणाल्या होत्या तसंच. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसत.

"जुईचे केस कसे होते?" एकदा पुष्करनं विचारलं.

"कुरळे. विंचरताना फार रडायची, आवाज न करता. सईचे?"

"सरळ. अगदी सरळ. क्लिप टिकायची नाही."

"आवडलं असतं तिला जुईबरोबर खेळायला."

"हो," पुष्कर म्हणाला. दोघंही खाली सोसायटीच्या मैदानाकडे बघत राहिले. तिथे मुलं खेळत होती. कुणीतरी पडेल म्हणून पुष्करनं नजर वळवली.

*

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कांबळे मॅडमचा फोन आला. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मुलगी आहे, ऋजुताताई! अडीच वर्षांची. कस्तुरी नाव आहे. अजून बोलत नाही, म्हणून दोन कुटुंबांनी नाही म्हटलं. मी समितीला सांगितलं, या मुलीसाठी महाराष्ट्रात एकच घर आहे. देवानंच तुम्हाला थांबवून ठेवलं होतं बघा."

अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं होतं. ऋजुतानं फोन ठेवून पुष्करला सांगितलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. चर्चा अशी झालीच नाही. रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्करनं विचारलं, "नकार द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं का?"

"हो. सही लागते."

संस्थेच्या कार्यालयात दुपारचं ऊन आलं होतं. कांबळे मॅडमनी पेढे मागवून ठेवले होते. ऋजुतानं मृदू शब्दांत सांगितलं तेव्हा त्यांना आधी समजलंच नाही.

"पण का? उत्पन्न आहे, घर आहे. तुमच्या हातात तर तिचं बोलणं आहे! काही अडचण असेल तर सांगा, मी समितीशी बोलते."

"अडचण काही नाही, मॅडम," पुष्कर म्हणाला. "आम्हाला जमणार नाही."

"तुम्ही चार वर्षं वाट पाहिलीत हो!"

पुष्करनं खिशातून पेन काढलं. कांबळे मॅडमनी कागद पुढे सरकवला खरा, पण सही व्हायच्या आत त्या उठल्या. "एकदा बघून तरी घ्या. मग करा काय करायचं ते." त्या आत गेल्या आणि मुलीला हाताला धरून घेऊन आल्या.

कस्तुरी पिवळा फ्रॉक घालून होती. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. तिनं पुष्करकडे पाहिलं, मग ऋजुताकडे, आणि सरळ चालत येऊन ऋजुताच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. ओठांचा चंबू केला. ऋजुता अशा कित्येक मुलांच्या ओठांकडे बघत आली होती. हा चंबू म्हणजे आवाज अगदी दाराशी येऊन थांबलाय याची खूण असते. पंधरा दिवसांचं काम. फार तर महिन्याचं.

पुष्करनं सही केली आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. ऋजुतानं एका हातानं सही केली. दुसरा हात मुलीनं धरलेल्या ओढणीवर होता.

"हिचे कान तपासून घ्या," ती कांबळे मॅडमना म्हणाली. "ऐकू नीट येत असेल तर लवकर बोलेल ही. 'प' पासून सुरुवात करायला सांगा. आरशासमोर बसवा."

कांबळे मॅडम रडत होत्या. त्यांनी मान हलवली की नाही, ते कळलं नाही.

मुलगी ओढणी सोडेना. तिला ओढून काढलं तर ती रडेल, आणि रडली की मूठ आणखी घट्ट होते, हे ऋजुताला माहीत होतं. ती खाली वाकली. आधी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. अंगठा शेवटी. मुलीला कळायच्या आत मूठ रिकामी झाली होती.

"चल," ती पुष्करला म्हणाली.